मी हाव म्हणालो होतो

हे मी आजवर कुणाहीपाशी बोललेलो नाही. बायकोपाशी नाही, मित्रांपाशी नाही, आणि चार घोट पोटात गेल्यावर माणूस काय वाट्टेल ते बरळतो, तेव्हासुद्धा हे तेवढं आत राहिलं. आज तुम्हाला सांगतोय. का, ते विचारू नका, मलाही नीट माहीत नाही.

सुरुवात एका शब्दापासून करावी लागेल. शब्द अगदी साधा आहे — हाव. पुण्याकडे हाव म्हणजे लोभ. आमच्या खानदेशात हाव म्हणजे हो. जळगावात जा, धुळ्यात जा, माझ्या रावेरात जा. जेवलास का? हाव. उद्या येतोस? हाव. संपलं. बोबडं बोलणारं पोरही त्याचा दुसरा अर्थ काढणार नाही. मी काढला. आणि तोही चारचौघांत, एका म्हातारीच्या तोंडावर.

थांबा, मी पुढे पळतोय. आधी माझा धंदा सांगतो, नाहीतर यातलं काही कळणार नाही.

पुण्याची एक कंपनी आहे, थाळीची हॉटेलं चालवते. नाव सांगत नाही. चालवते म्हणजे काय, तर नाव कंपनीचं आणि पैसा, जागा, डोकेदुखी दुसऱ्याची. याला फ्रँचायझी म्हणतात. मी त्या कंपनीत नोकरीला, जळगाव आणि धुळे हे दोन जिल्हे माझ्याकडे. करार झाला की त्यात एक तारीख पडते, त्या तारखेच्या आत हॉटेल उघडलंच पाहिजे. नाही उघडलं तर त्या भागाचा हक्क आपोआप जातो, भरलेली फी कंपनीची होते, आणि तो भाग दुसऱ्या कुणालाही द्यायला कंपनी मोकळी. मुदतवाढ मिळते, पण एकदाच. तारीख उलटायच्या आत लेखी अर्ज हवा आणि त्यावर आमच्यासारख्याची शिफारस हवी. पुण्यातले लोक माणूस बघत नाहीत. ते माझ्या दोन ओळी बघतात. म्हणजे सही पुण्याच्या मोठ्या साहेबांची, पण मुदतवाढ खरी माझ्याच खिशात.

आणखी एक गोष्ट आहे, जी करारात कुठेही लिहिलेली नाही पण या धंद्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. नावापुरतं उघडायचं. काम अर्धवट असू दे, शेगडी घरून आणा, नारळ फोडा, एक थाळी विका, बिल फाडा, फोटो पुण्याला पाठवा. दुसऱ्या दिवशी खुशाल शटर खाली ओढा आणि राहिलेलं काम करत बसा. कागदावर हॉटेल उघडलं. ही युक्ती मी किती जणांना शिकवली असेल! भुसावळच्या एका भाऊंच्या अर्धवट हॉटेलात तर ती एकुलती एक थाळी मीच पैसे देऊन जेवलो होतो.

सुमनअक्कांना मात्र शिकवली नाही.

सुमनअक्का — धुळ्याला देवपुरात, कॉलेजच्या मागच्या गल्लीत त्यांची मेस होती. आवाज मोठा, हात त्याहून मोठा, वाढताना चमचा वापरायच्याच नाहीत. मी रावेरहून तिकडे शिकायला गेलो तेव्हा तीन वर्षं तिथे जेवलो. पोरांना त्या गावाच्या नावानेच हाका मारायच्या, मी रावेरवाला. दोन वेळच्या जेवणाचे पैसे भरायची माझी ऐपत नव्हती, मी एकाच वेळचे भरायचो. मग दुपारी जेवता जेवता दोन भाकरी हळूच खिशात सरकवायचो, संध्याकाळसाठी. कळण्याची भाकरी, ज्वारी-उडदाची, जाड आणि चिवट. खिशात मोडत नाही. खोलीवर तिखट-मीठ लावून खायचो आणि मनात म्हणायचो, काय बावळट बाई आहे ही! नेमकी त्याच वेळेला चुलीकडे तोंड करते आणि वरण ढवळत बसते. कसं फसवलं तिला!

तीन वर्षं मी स्वतःला फार हुशार समजत होतो.

पुढे नोकरी लागली, बढती मिळाली, शर्टाची इस्त्री मोडेना. ऑफिसात मी सांगून टाकलं होतं की रावेरला आमच्या केळीच्या बागा आहेत आणि घरचे ट्रक आहेत. ट्रकशी आमच्या घरचा संबंध होता, यात खोटं काही नाही. माझा बाप दुसऱ्यांच्या ट्रकमध्ये केळीचे घड भरायचा.

अशात एक दिवस अक्काच माझा नंबर शोधत आल्या. मेस बसत चालली होती. आताच्या पोरांना एसी लागतो, बोर्ड लागतो, फोटो काढता येईल असं ताट लागतं. नवरा कधीच गेलेला. एकुलती मुलगी रेखा, ती नशिराबादला दिलेली. जावई भला माणूस, तो म्हणत होता, आता बस झालं, आमच्याकडे येऊन राहा. पण लेकीच्या दारात राहायचं या विचारानेच अक्कांच्या अंगावर काटा यायचा. मला म्हणाल्या, "आंडेरना घर मी नई ऱ्हावू भाऊ. हातपाय चालतस तोपावत मनी चूल मनी." एवढंच त्यांना हवं होतं. स्वतःची चूल, आणि लेकीला यायला एक माहेर.

करार मीच करून दिला. आणि खरं सांगतो, तेव्हा मनात काही काळं नव्हतं. मेस बंद झाली, भांडीकुंडी विकली गेली, पलीकडच्या रस्त्यावरचा मोठा गाळा भाड्याने घेतला. फरशी बसली. मोठे साहेब जागा बघायला पुण्याहून आले, बरोबर आणखी चार माणसं. मी पुढे पुढे करत होतो. चौकात पोरं किती, पार्किंग किती, सगळं घडाघडा सांगत होतो. साहेब खूश. अक्काही खूश. आणि त्या आनंदात त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"सायेब, हाऊ मना मेसमा जेवे. खिसामा दोन भाकरी टाकीसन लई जाये! मी आपली चुल्हाकडे तोंड फिराई लेऊ. म्हनू, लाजी जाई बिचारा."

सगळे हसले. साहेब तर एवढे हसले की डोळे पुसायला लागले. मीही हसलो — काय करणार? त्यानंतर प्रत्येक मीटिंगला साहेब दारातूनच विचारायचे, काय रे, आज खिशात काय आणलंयस? केळीच्या बागा, ट्रक, सगळं एका वाक्यात वाहून गेलं.

पण तुम्हाला वाटेल, थट्टा झाली म्हणून मला राग आला. नाही हो. थट्टा पचते. मला जे पचलं नाही ते वेगळंच होतं. ती बघत होती. पहिल्या दिवसापासून बघत होती. मी लाजू नये म्हणून ती पाठ फिरवत होती, आणि मी रोज खोलीवर बसून तिला बावळट म्हणत होतो. चोरलेल्या भाकरीची मला कधी लाज वाटली नव्हती. ती चोरी नव्हतीच, ती आपल्याला वाढलेली होती, हे कळलं आणि अंगाची आग आग झाली. असं कुणावर उपकार केले तर तो माणूस तुमचा होतो, असं म्हणतात ना लोक? मी तिचा वैरी झालो. त्याच दिवशी, त्या नव्या फरशीवर उभं राहून.

मग मी वाट बघितली. फार बघावी लागली नाही.

स्वयंपाकघरातली धूर ओढायची मोठी चिमणी कंपनीने ठरवून दिलेल्या माणसाकडूनच घ्यायची, असं करारात आहे. त्या माणसाने उशीर लावला. दोष कंपनीच्याच माणसाचा, अक्कांचा नव्हे. असा अर्ज पुण्याला गेला असता तर डोळे मिटून मुदतवाढ मिळाली असती. मला हे माहीत होतं. मलाच तर माहीत होतं. उघडायची तारीख चैत्रात पडत होती आणि आखाजी तिच्या थोडी पुढे. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया. पण आमच्याकडे तो नुसता मुहूर्त नाही. खानदेशातल्या लेकींना दिवाळीहून तो दिवस मोठा, सासरच्या पोरी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. अक्कांच्या मनात होतं की आखाजीला उघडायचं आणि पहिली शेगडी रेखाच्या हाताने पेटवायची.

त्यांचा फोन आला तेव्हा मी रावेरला रस्त्याकडेला चहा पीत उभा होतो. समोर केळीचे ट्रक भरत होते.

"भाऊ, चिमनी तं आजून येल नई. आखाजीले उघाडसूत ना मंग? रेखा बी माहेर येई."

मी म्हणालो, हाव.

"पुनाना सायेबले तू सांगी देशी ना?"

हाव.

"मंग अर्जबिर्ज काही देवाना नई ना?"

इथे मी थांबलो. जास्त नाही, एखादा घोट चहा जाईल एवढाच. समोर एक माणूस घड खांद्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढत होता, माझ्या बापासारखाच, मानेवर तसंच फडकं. मला सगळं स्वच्छ दिसत होतं. 'अर्ज द्या अक्का, आजच द्या, दोन ओळी द्या' एवढं म्हटलं की झालं. किंवा 'नावापुरती एक थाळी विका'. तेही नको असेल तर गप्प बसायचं, म्हणजे त्यांना शंका आली असती आणि त्यांनी कुणाला तरी विचारलं असतं.

मी म्हणालो, "हाव, हाव."

त्यांनी फोनवरच माझी दृष्ट काढून कानशिलावर बोटं मोडली असतील. सुखी राहा म्हणाल्या. मी चहा संपवला आणि दुसरा मागवला. छान होता.

हे नीट ऐका, कारण लोक अशा वेळी म्हणतात, विसरलो होतो, कामाच्या गडबडीत राहून गेलं. मी विसरलो नव्हतो. तारखेची मी सणाची बघावी तशी वाट बघत होतो. तारीख उलटली, दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुण्याला दोन ओळी पाठवल्या. हॉटेल उघडलेलं नाही, मुदतवाढीचा अर्ज आलेला नाही. भाग मोकळा करावा. लिहिताना वाईट वाटलं नाही. उलट असं हलकं वाटलं, चपलेतला खडा काढल्यावर वाटतं तसं. देवपुरात यायला एक पेट्रोलपंपवाला कधीपासून टपून होता. त्याच्याकडून मी काही घेतलं का? नाही, कपभर चहासुद्धा नाही. घेतलं असतं तर बरं झालं असतं. व्यवहार केला असं तरी म्हणता आलं असतं.

कंपनीचं पत्र आखाजीच्या तोंडावर पोचलं. रेखा माहेरी आलेली होती.

अक्कांनी फोनावर फोन केले, मी उचलले नाहीत. मग त्यांनी कुठूनतरी साहेबांनाच गाठलं, आणि साहेब म्हणाले, समोरासमोर होऊन जाऊ दे. जळगावच्या आमच्या ऑफिसात सगळे बसलो. अक्का एसटीने आल्या होत्या, एकट्याच, ठेवणीतली साडी नेसून. खुर्चीच्या कडेवर बसल्या.

साहेब तसे सरळ माणूस. त्यांनी विचारलं, मुदतवाढ मिळाली असं तुम्हाला कोण म्हणालं? अक्कांनी माझ्याकडे बोट केलं. त्यात राग नव्हता. मी आता बोलेन आणि सगळं मिटेल, असंच त्यांना वाटत होतं. "हाऊ हाव म्हनना ना!"

हाऊ म्हणजे हा, म्हणजे मी. साहेब पुण्याचे. त्यांना वाटलं, लोभाचं काहीतरी चाललंय. "हाव? कसली हाव?" असं त्यांनी विचारलं आणि खोलीत हशा पिकला. अक्काही थोड्या हसल्या, सगळे हसतायत म्हणून.

मग हाव म्हणजे हो असावं हे लक्षात येऊन साहेब माझ्याकडे वळले आणि त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, "तोंडी दिलेल्या शब्दाला करारात किंमत नाही, त्यामुळे यांचा भाग काही परत येणार नाही. पण तू जर यांना हो म्हणाला असशील, तर आज तू घरी जाशील. म्हणाला होतास?"

आणि मी — मी माझ्या आईच्या भाषेतल्या शब्दाचा अर्थ त्यांना समजावून सांगितला. शांतपणे, मास्तरासारखा. म्हणालो, "सर, आमच्याकडे समोरचा बोलत असला की हाव हाव करत राहतात. तो नुसता हुंकार असतो. ऐकतोय, एवढाच अर्थ. होकार नव्हे."

बाकी सगळे पुण्याहून आलेले, खोलीत खानदेशातला दुसरा कुणी नव्हता. मी आणि ती, दोघंच.

साहेबांनी अक्कांना विचारलं, "बाई, खरंय का हे?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. हाव म्हणजे काय हे त्या बाईला ठाऊक नव्हतं? ज्या शब्दावर तिने उभा जन्म काढला, पोर दिली, मेस चालवली, तो शब्द? त्यांनी नुसतं एवढं म्हणायचं होतं, हा खोटं बोलतो. मी त्याच संध्याकाळी रस्त्यावर आलो असतो. हॉटेल गेलं ते गेलंच होतं, निदान मला घेऊन तरी बुडता आलं असतं. मी असतो तर बुडवला असता.

अक्कांनी तोंड फिरवलं. खिडकीकडे बघायला लागल्या. मी ओळखलं. चुलीकडे बघायच्या, तेच हे बघणं.

"व्हई सायेब," त्या म्हणाल्या. "मनाच ऐकामा चूक व्हयनी व्हई."

मला वाचवून त्या उठल्या. पदर सावरला आणि बसस्टँडकडे गेल्या. सोडायला मी खाली गेलो नाही. तुम्ही विचाराल, तेव्हा तरी तुला काही वाटलं की नाही? वाटलं. पुन्हा राग आला. आताही हीच वर राहिली, असं वाटलं. आणि संध्याकाळी घरी जाताना मी पोरांसाठी आइस्क्रीम घेऊन गेलो.

पेट्रोलपंपवाल्याने तोच गाळा घेतला. तीच फरशी, त्याच भिंती, फक्त चिमणी तेवढी नवी आली, वेळेवर. उद्घाटनाला पहिली थाळी साहेबांना मी वाढली. हॉटेल जोरात चालतं. साहेब अजून कधीकधी विचारतात, खिशात काय आहे म्हणून. आता मीच आधी हसतो.

एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं. पण मागच्या उन्हाळ्यात भुसावळहून जळगावला येताना नशिराबादजवळ माझी गाडी पंक्चर झाली. दुकानाशी उभा होतो, तर भाजीची पिशवी घेतलेली एक बाई थबकली. रेखा. तिने मला ओळखलं, आणि चेहरा उजळला तिचा! म्हणजे आईने तिला काही सांगितलेलंच नव्हतं. आखाजी दोन-तीन दिवसांवर होती. माझ्या तोंडातून सवयीने निघून गेलं, यंदा माहेरी नाही का गेलात?

ती हसली. "माय मनाकडेच ऱ्हास ना आते. मनं माहेर बी आठेच."

आई आता तिच्याकडेच, माहेरही इथेच, हे ती रागाने नाही, सहज म्हणाली. मग आग्रहच धरला. घर समोरच्याच गल्लीत, मायला फार आनंद होईल, ती तुमचं नाव काढत असते. "मी पुढे जास, मायले भाकर टाकाले लावस. येतस ना तुम्ही?"

पंक्चरवाला चाक बसवत होता. रेखा उत्तराची वाट बघत उभी होती, पिशवी या हातातून त्या हातात घेत.

मी म्हणालो, "हाव."

ती लगबगीने गेली. वळताना एकदा हाताने घर दाखवलं, निळं दार. मी पैसे दिले, गाडीत बसलो, काच वर केली आणि जळगावच्या रस्त्याला लागलो. तोवर अक्कांनी तवा ठेवला असेल. रावेरवाला येतोय म्हटल्यावर एक नाही, दोन टाकल्या असतील.